आधी खडक, मग आकडा: विदर्भातल्या अभयारण्यांच्या मातीतले जड धातू कसे तपासायचे

मेळघाटातल्या एखाद्या दूरच्या टेकडीवरून, जिथे कारखाना नाही की डांबरी रस्ता नाही, तिथून काळी माती उचलून प्रयोगशाळेत पाठवा. तांबं किलोला १०० मिलिग्रॅमच्या आसपास आलं तर दचकू नका. कॅनडाच्या शेतजमिनीसाठीच्या मार्गदर्शक मर्यादेत तांबं ६३ आणि क्रोमियम ६४ मिग्रॅ/किलो धरलं आहे. त्या फूटपट्टीने पश्चिम विदर्भातली बरीचशी स्वच्छ काळी जमीन ‘प्रदूषित’ ठरेल. याच्या उलट, पूर्वेकडच्या लाल जमिनीत शिसं १४ वरून ३६ वर गेलं तरी ते शेतजमिनीच्या बहुतेक परदेशी मर्यादांच्या खालीच राहतं आणि अहवालात ‘सर्व काही ठीक’ असं लिहिलं जातं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. त्या मातीत मुळात किती होतं, हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून विदर्भातल्या संरक्षित जंगलात काम करताना पहिला दिवस कुदळीला द्यायचा नाही, नकाशाला द्यायचा.

खडक ओळखा

मेळघाट, ज्ञानगंगा, बोर हा भाग दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्टचा. या खडकात तांबं, क्रोमियम, निकेल, कोबाल्ट, लोह मुळातच भरपूर. जगभरच्या बेसाल्टची सरासरी तांब्यासाठी सुमारे ८७, निकेलसाठी १३० आणि क्रोमियमसाठी १७० मिग्रॅ/किलो मानतात. शेल, म्हणजे चिखल थिजून झालेल्या खडकाची सरासरी याच क्रमाने ४५, ६८ आणि ९०. बहुतेक शोधनिबंधांत शेलचे हे आकडे ‘पार्श्वभूमी’, म्हणजे मातीतलं मूळ नैसर्गिक प्रमाण, म्हणून सर्रास वापरले जातात. बेसाल्टच्या जमिनीला शेलची सरासरी लावली की हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

ताडोबाकडे गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि कोळशाचे थर येतात. नागझिरा-नवेगावकडे अतिप्राचीन रूपांतरित खडक आणि त्यांवरची जांभ्यासारखी लाल माती. शिवाय या पट्ट्यात धातूंचे साठे जागोजागी आहेत: मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे मँगॅनीज, पवनी परिसरात क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज), ठाणेवासना आणि पुलर-परसोडीला तांबं, सुरजागडला लोह. अशा जागेजवळच्या जंगलात एखादा धातू चौपट आला तर दोष खाणीचा की डोंगराचा, हे आधी सोडवावं लागतं. कधी दोघांचाही असतो. डोंगराने दिलेलं खाणीने उघडं केलेलं असतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा जिल्ह्याचा नकाशा आणि मृदा सर्वेक्षणाचा नकाशा, दोन्ही मिळवा. मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय नागपुरातच आहे. या दोन नकाशांवर अभयारण्याची हद्द आणि वनविभागाचे कक्ष क्रमांक बसवा. जिथे खडक आणि माती दोन्ही सारखी, तो एक गट. दोन गटांचे आकडे कधीही एकत्र करून सरासरी काढायची नाही. गावकऱ्यांना विचारायला विसरू नका. भंडारा-चंद्रपूरकडचा शेतकरी कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी अशी जमीन नजरेने वेगळी करतो. ही विभागणी मातीतल्या चिकणमातीच्या प्रमाणाशी बरीच जुळते आणि धातू धरून ठेवायचं काम चिकणमातीच करते.

कशाचा शोध आहे ते ठरवा

‘सगळे धातू तपासा’ असं सांगून नमुने पाठवले की पैसे जातात आणि उत्तर मिळत नाही. स्रोत पाहून यादी करा.

औष्णिक वीज केंद्र आणि राखेचा तलाव जवळ असेल तर आर्सेनिक, पारा, सेलेनियम, शिसं, क्रोमियम. चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं केंद्र, तिरोड्याचं केंद्र, कोराडी-खापरखेडा ही सगळी जंगलपट्ट्यापासून फार लांब नाहीत. कोळशाची उघडी खाण आणि ओबीचे (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे) ढिगारे असतील तर धातूंच्या जोडीला मातीचा सामू (पीएच) आणि सल्फेट मोजा, कारण ढिगाऱ्यातलं गंधकयुक्त खनिज हवा-पाण्यात आम्ल तयार करतं आणि त्या आम्लात धातू सुटे होऊन नाल्याने जंगलात उतरतात. रस्ता असेल तर जस्त (टायरमधून), तांबं (ब्रेकमधून) आणि शिसं. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण शिसं मातीतून सहजासहजी हलत नाही, जुन्या रस्त्याकडेच्या वरच्या थरात ते अजून सापडतं. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ सारख्या ठिकाणी हे ध्यानात ठेवा. मोर्शी-वरुडकडून संत्र्याच्या बागांचं पाणी जंगलाच्या कडेला उतरत असेल तर बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्यातलं) तांबं आणि फॉस्फेट खतातून येणारं कॅडमियम.

या सगळ्यांसोबत लोह आणि अॅल्युमिनियम कायम मोजून घ्या. हे दोन प्रदूषण दाखवायला नाहीत, पुढचा हिशेब करायला लागतात. ते नसतील तर बाकीचे आकडे अर्धेच उपयोगाचे.

परवानगी

राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात शास्त्रीय कामासाठी शिरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. माती तर उचलून बाहेर न्यायची असते, तेव्हा अर्जात नमुन्यांची संख्या, प्रत्येकाचं वजन, खड्ड्याची खोली आणि जागांची यादी स्पष्ट लिहा. ‘अंदाजे काही नमुने’ असं लिहिलेला अर्ज मागे येतो. परवानगीला काही महिने लागतात असं धरूनच वेळापत्रक आखा. ज्या बीटमध्ये काम आहे तिथला वनरक्षक सोबत असल्याशिवाय पायी फिरू नका. सूर्य चांगला वर आल्यावर सुरू करा आणि पाणवठ्याजवळ रेंगाळू नका. पायात उंच बूट घाला, परत आल्यावर अंगावर गोचीड आणि बारीक किडे तपासा. विदर्भात स्क्रब टायफस आढळतो.

केव्हा

नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं आणि काळी माती चिखल होऊन कशालाच सोडत नाही. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम मानला जातो. मोहफुलं आणि तेंदूपानाच्या दिवसांत जमीन जळते. जळालेल्या जागी पालापाचोळ्यात साठलेला धातू राखेत एकवटतो आणि वरच्या थराचे आकडे फुगतात. पारा मात्र उष्णतेने उडून जातो, म्हणजे तो कमी दिसतो. जळालेली जागा टाळा. टाळता येत नसेल तर नोंद करून वेगळी ठेवा.

जागा कशा निवडाव्या

दोन प्रकारच्या जागा लागतात: पार्श्वभूमीच्या आणि स्रोताच्या दिशेच्या.

पार्श्वभूमीसाठी प्रत्येक गटात किमान १० जागा, जमलं तर २०. खडक आणि माती तीच, पण रस्ता, गाव, खाण यांपासून दूर आणि वाऱ्याच्या उलट अंगाला. ही संख्या कमी करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण ‘स्वच्छ’ मातीवर खर्च करणं वाया गेल्यासारखं वाटतं. पण सगळा निष्कर्ष याच १०-२० जागांवर उभा राहणार आहे. पैसे कमी असतील तर धातूंची यादी छोटी करा, पार्श्वभूमीच्या जागा कमी करू नका.

स्रोताच्या बाजूला अंतर दुप्पट करत जा: १, २, ४, ८, १६ किलोमीटर, प्रत्येक अंतरावर तीन जागा. उंच चिमणीचं सर्वात जास्त साचणं तिच्या पायथ्याशी नसतं, काही किलोमीटर पुढे असतं. राखेच्या तलावावरून उन्हाळ्यात उडणारी राख मात्र जवळच पडते. त्यामुळे दोन्ही स्रोत असले की आलेखात दोन उंचवटे दिसू शकतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्य-पश्चिमेचा, हिवाळ्यात उत्तर-ईशान्येचा. पण जवळच्या हवामान केंद्राचा वर्षभराचा तक्ता काढूनच दिशा ठरवा. रस्त्यासाठी अंतरं वेगळी: डांबराच्या कडेपासून ५, १०, २५, ५०, १०० आणि २०० मीटर.

आता टाळायच्या जागा. ही यादी नीट वाचा, कारण चुकीचे उंच आकडे बहुतेक इथूनच येतात. पुनर्वसन झालेल्या गावांची जुनी गावठाणं आणि उकिरडे (पत्र्यांचं जस्त, रंगांचं शिसं, सेलचं मिश्रण तिथे वर्षानुवर्षं मुरलेलं असतं). संरक्षण कुटीचं अंगण. सौर पंपाच्या बॅटऱ्या ठेवलेली जागा. गॅल्व्हनाइज्ड तार, खांब आणि पत्र्याची पागोळी. वारुळं, कारण वाळवी खालची माती वर आणते. रानडुकरांनी उकरलेली जमीन, यात थर मिसळलेले असतात. मोठ्या झाडाच्या बुंध्यालगतची जागा, कारण खोडावरून ओघळणारं पाणी धूळ एका ठिकाणी आणून सोडतं. पानांच्या छत्राखालची माती मोकळ्या गवताळ जागेपेक्षा जास्त धूळ झेलते, म्हणून सगळ्या जागा एकतर छत्राखालच्या घ्या किंवा सगळ्या मोकळ्या.

मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्यांचा, म्हणजे छोट्या तळ्यांचा गाळ हा वेगळा विषय आहे. तो मातीच्या नमुन्यांत मिसळायचा नाही. तिथे साऱ्या पाणलोटाची बारीक माती जमते, आणि पाण्याखाली हवा नसल्याने मँगॅनीज आणि लोह विरघळून जागा बदलतात. स्वतंत्र तक्ता करा.

माती काढणं

प्रत्येक जागा २० बाय २० मीटरचा चौकोन. चार कोपरे आणि मध्य, अशा पाच ठिकाणांहून माती घेऊन एकत्र करायची. पाचही ठिकाणची माती सारख्याच वजनाची हवी, अंदाजे ३०० ग्रॅम. एका ठिकाणाहून ओंजळभर आणि दुसरीकडून चिमूटभर असं झालं की तो मिश्र नमुना राहत नाही.

थर असे घ्या. आधी पालापाचोळा २५ बाय २५ सेंटिमीटरच्या चौकटीतून उचलून वेगळ्या पिशवीत. हवेतून आलेलं सर्वात ताजं त्यातच असतं. मग ० ते ५ सेंटिमीटर. हा थर सर्वात महत्त्वाचा: राख-धूळ इथे बसते, आणि चितळ-सांबर चरताना किंवा खारमाती चाटताना पोटात जाते ती हीच माती. त्यानंतर ५ ते २० आणि प्रत्येक गटातल्या निवडक जागी ४० ते ६० सेंटिमीटर.

वरच्या थरातला आकडा भागिले खालच्या थरातला, हे गुणोत्तर लाल आणि वालुकामय जमिनीत चांगली साक्ष देतं. वर जास्त, खाली कमी असेल तर धातू बाहेरून आलेला असण्याची शक्यता मोठी. (काही अंश झाडांनी मुळांवाटे वर आणून पानगळीतून सोडलेला असतो, विशेषतः जस्त आणि मँगॅनीज.) काळ्या मातीत मात्र या गुणोत्तरावर भरवसा ठेवू नका. उन्हाळ्यात ती हात-दीड हात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात जमीन फुगून खालची माती वर ढकलते. ती स्वतःच स्वतःला नांगरत असते. वर्षानुवर्षं पडलेली राख त्यामुळे खालपर्यंत वाटली जाते आणि वर-खाली आकडे सारखे दिसतात. सारखे दिसले म्हणून प्रदूषण नाही असं नाही. तिथे दुसऱ्या जागेच्या पार्श्वभूमीशीच तुलना करावी लागते.

हत्यारं स्टेनलेस स्टीलची, क्रोमचा मुलामा नसलेली. ती नसतील तर नेहमीची सब्बल आणि कुदळ चालते, फक्त एक काळजी घ्या: लोखंडाने खड्डा उघडा, मग खड्ड्याच्या भिंतीची बाहेरची दोन सेंटिमीटर माती प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडून फेकून द्या आणि लोखंड न लागलेली माती त्याच पट्टीने घ्या. पत्र्याचं घमेलं नको, त्याचं जस्त मातीत उतरतं. प्लास्टिकची टोपली घ्या. रबरी पट्ट्या नमुन्याला लावू नका, रबरात जस्त असतं. हातमोजे पावडर नसलेले नायट्राइलचे. अंगठी काढून ठेवा.

टोपलीतली माती नीट कालवून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेलं पुन्हा कालवा. पाऊण किलोच्या आसपास उरलं की थांबा. जाड पॉलिथिनच्या पिशवीत भरा, शिसपेन्सिलने लिहिलेली एक चिठ्ठी छोट्या पिशवीत घालून आत आणि दुसरी बाहेर. ओल्या मातीत शाईचं काही उरत नाही. पारा तपासायचा असेल तर थोडी माती घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत वेगळी आणि थंड ठेवा.

दोन जागांमध्ये हत्यार ब्रशने झाडा, पाण्याने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने. नव्या जागेवरचा पहिला घास फेकून द्या. आणि क्रम कायम स्वच्छ जागेकडून मळलेल्या जागेकडे.

वहीत लिहा: तारीख, अक्षांश-रेखांश दशांशात पाच अंकांपर्यंत, कक्ष क्रमांक, उतार, झाडोरा, मातीचा रंग, वणव्याच्या खुणा, रस्त्यापासून अंतर. खड्डे बुजवा, वरचा पाचोळा परत पसरा. अहवाल जाहीर करताना पाणवठे आणि गुहांजवळचे नेमके अक्षांश-रेखांश देऊ नका. शिकाऱ्याच्या हाती ते पडू नयेत.

सुकवणं, चाळणं, कुटणं

सावलीत, धूळ आणि चुलीपासून दूर, स्वच्छ पांढऱ्या कागदावर सुकवा. वर्तमानपत्रावर नको, छपाईच्या शाईचे कण चिकटतात. ४० अंशांच्या वर तापवू नका. पाऱ्यासाठीची माती तर अजिबात तापवायची नाही.

काळ्या मातीची एक खोड आहे. ती पूर्ण वाळली की ढेकळं दगडासारखी होतात आणि हातोडीशिवाय फुटत नाहीत. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हाताला किंचित ओल लागत असतानाच बोटांनी वाटाण्याएवढे तुकडे करून ठेवा. मग आठ-दहा दिवस वाळू द्या.

लाकडी लाटण्याने फोडून २ मिलिमीटरच्या नायलॉनच्या चाळणीतून चाळा. पितळेची चाळणी तांबं आणि जस्त देते, स्टीलची क्रोमियम आणि निकेल देऊ शकते. वर उरलेल्या खड्यांचं वजन लिहा. मुरमाड जमिनीत निम्मं वजन खड्यांचं असू शकतं आणि तेव्हा प्रत्यक्ष जमिनीतला धातू चाळलेल्या मातीच्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो. चाळलेल्यातून चौथाईने ५० ग्रॅम काढा आणि अकीकाच्या खलात १५० मायक्रॉनमधून जाईल इतकं बारीक करा, सगळंच्या सगळं. न कुटलेला भाग फेकून दिला तर क्रोमाइटसारखे कठीण कण नेमके बाहेर जातात.

स्वच्छ धुतलेली क्वार्ट्झ वाळू एकदा याच चाळणी-खलातून काढून नमुन्यासारखी पाठवा. तिच्यात जस्त निघालं तर ते जंगलाचं नाही, तुमच्या खोलीचं आहे.

प्रयोगशाळा

इथे सर्वात महागात पडणारा गैरसमज होतो. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी तपासणाऱ्या प्रयोगशाळा जस्त, लोह, मँगॅनीज, तांबं देतात, पण ते डीटीपीए या सौम्य रसायनाच्या द्रावणात सुटलेलं, म्हणजे पिकाला मिळू शकणारं प्रमाण असतं. १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवणं, अशी ती पद्धत. एकूण धातूचा तो लहानसा हिस्सा. शिवाय तिथल्या जस्त ०.६ आणि तांबं ०.२ या रेषा कमतरतेच्या आहेत, विषारीपणाच्या नाहीत. एकूण धातू हवा असेल तर ‘अम्लराजात (हायड्रोक्लोरिक-नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) पचन’ असं अर्जात स्पष्ट लिहून द्या. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा असली तरी तिच्या मान्यतेच्या यादीत ‘माती’ आणि तुम्हाला हवा तो धातू आहे का, ते पाहा.

पद्धत अशी: ३ ग्रॅम माती थोड्या पाण्याने ओली करून २१ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आणि ७ मिलिलिटर नायट्रिक आम्ल, १६ तास न तापवता, खोलीच्या तापमानाला ठेवून मग दोन तास उकळणं, गाळून १०० मिलिलिटर करणं. हे धूर ओढणाऱ्या कपाटाखाली, प्रशिक्षित माणसानेच. काळ्या मातीत चुनखडी असते, आम्ल एकदम ओतलं की फेस भांड्याबाहेर येतो आणि त्यासोबत नमुनाही जातो. थेंब-थेंब टाकायला सांगा. क्रोमाइट अम्लराजात नीट विरघळत नाही, म्हणून पवनीकडच्या मातीतलं क्रोमियम या पद्धतीने कमीच येतं. तिथे हायड्रोफ्लोरिक आम्लाचं पचन किंवा क्ष-किरण प्रतिदीप्ती लागते.

आकडेमोड स्वतः पडताळा. यंत्राने द्रावणात तांबं लिटरला ३.६ मिग्रॅ दाखवलं, तर मातीत ३.६ गुणिले १०० भागिले ३, म्हणजे १२० मिग्रॅ/किलो. याच गणिताने ०.२ मिग्रॅ/किलो कॅडमियम द्रावणात फक्त ०.००६ मिग्रॅ/लिटर भरतं. ज्वालेत प्रकाश शोषला जाण्यावरून धातू मोजणाऱ्या साध्या एएएस यंत्राला ते विश्वासाने दिसत नाही. तरी आकडा छापून येतो. कॅडमियमसाठी ग्राफाइट भट्टी किंवा आयसीपी-एमएस (अणूंच्या वस्तुमानावरून मोजणारं, जास्त संवेदनशील यंत्र) मागा, आर्सेनिकसाठी हायड्राइड पद्धत. आयसीपी-एमएसवर आर्सेनिक करणार असतील तर आम्लातलं क्लोरीन आणि यंत्रातला आर्गॉन जोडून आर्सेनिकच्याच ७५ वस्तुमानाचा खोटा संकेत देतात. तो कापायची सोय वापरली का, विचारा.

दर २० नमुन्यांमागे एक कोरा (माती न घातलेला), दोन दुबार आणि एक प्रमाणित संदर्भ माती (जिचे आकडे आधीच ठाऊक आहेत) हवीच. संदर्भ मातीचा निकाल तिच्या ठाऊक आकड्याच्या ८० ते १२० टक्क्यांच्या बाहेर गेला तर ती सगळी खेप पुन्हा करायला लावा. तुमच्याकडून दोन नमुने वेगळे क्रमांक देऊन गुपचूप दुबार पाठवा. त्यांच्यात ३० टक्क्यांहून जास्त फरक आला तर गडबड कुटण्यात आहे की प्रयोगशाळेत, ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सामू, सेंद्रिय कर्ब, चिकणमातीचं प्रमाण आणि चुनखडी हेही मोजा. सामू ८ असलेल्या काळ्या मातीत शिसं आणि कॅडमियम बांधलेलं राहतं. पूर्वेच्या ५.५ सामूच्या लाल मातीत तेवढाच कॅडमियम झाडात आणि पाण्यात सहज जातो.

आकड्यांचा अर्थ

तीन हिशेब पुरेत.

समृद्धी गुणांक: नमुन्यातलं धातू-लोह गुणोत्तर भागिले पार्श्वभूमीतलं धातू-लोह गुणोत्तर. २ च्या खाली नगण्य, २ ते ५ मध्यम, ५ ते २० ठळक.

भूसंचय निर्देशांक, जो म्युलरने १९६९ मध्ये मांडला: नमुन्यातला धातू भागिले पार्श्वभूमीच्या दीडपट, त्याचा २ पायाचा लॉग. शून्याखाली अप्रदूषित, मग प्रत्येक एक अंकाला एक पायरी वर.

परिस्थितिकीय धोका, हाकानसनचा १९८० चा: पार्श्वभूमीच्या किती पट ते काढून विषारीपणाच्या गुणकाने गुणा. पारा ४०, कॅडमियम ३०, आर्सेनिक १०, तांबं आणि शिसं ५, क्रोमियम २, जस्त १. निकेलचा ५ हा गुणक नंतरच्या अभ्यासकांनी जोडलेला आहे. एका धातूचा ४० पर्यंत कमी, ४० ते ८० मध्यम.

केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. काळ्या मातीत तांबं १२०, लोह ८ टक्के. शेलची सरासरी ४५ लावली तर निर्देशांक ०.८३ येतो आणि माती ‘प्रदूषित’ होते. त्याच गटाची पार्श्वभूमी तांबं ११०, लोह ७.६ टक्के असेल तर निर्देशांक उणे ०.४६ आणि समृद्धी गुणांक १.०४. म्हणजे काहीही झालेलं नाही. आता लाल माती: शिसं ३६, लोह ५ टक्के, पार्श्वभूमी शिसं १४, लोह ५.६ टक्के. गुणांक २.८८, निर्देशांक ०.७८. इथे खरंच बाहेरून काही आलं आहे, जरी ३६ हा आकडा दिसायला लहान असला तरी.

पार्श्वभूमी म्हणून सरासरी नव्हे, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या. एखादी चुकीची जागा शिरली तर सरासरी ओढली जाते, मध्यक फारसा हलत नाही. सुरजागडसारख्या लोहखनिजाच्या भागात किंवा जांभ्यावर लोहाने भागू नका, तिथे लोहच जागोजागी बदलतं. अॅल्युमिनियम घ्या, तोही दोन्हीकडे एकाच पचनपद्धतीने मोजलेला. हाकानसनच्या हिशेबात पारा आणि कॅडमियमपुढे बाकी सगळे झाकले जातात. पार्श्वभूमी ०.०४ आणि नमुना ०.०६ असेल तर पाऱ्याचा धोका थेट ६० होतो, पण ०.०२ चा हा फरक यंत्राच्या चुकीएवढाच असू शकतो. मोजमापाची खालची मर्यादा शेजारी लिहिल्याशिवाय असा आकडा छापू नका.

क्रोमियम, निकेल, कोबाल्ट, तांबं हे लोहासोबत वर-खाली होत असतील तर बोलतो आहे तो खडक. शिसं, जस्त, कॅडमियम आपसांत जुळून लोहाला सोडून चालत असतील आणि अंतराबरोबर उतरत असतील, तर माणसाचा हात. २० नमुन्यांवर रंगीत सलग नकाशा काढू नका. मधल्या जागा संगणकाने कल्पनेने भरलेल्या असतात आणि वाचणारा त्या मोजलेल्या समजतो. ठिपके काढा, ठिपक्याचा आकार आकड्याप्रमाणे.

उरलेल्या चाळलेल्या मातीतून प्रत्येकी २०० ग्रॅम घट्ट झाकणाच्या बरणीत, कक्ष क्रमांक आणि तारखेसह, कोरड्या कपाटात ठेवून द्या. पाच वर्षांनी तीच जागा, तोच महिना, तोच थर घेऊन नवी माती तपासाल तेव्हा जुनी मातीही त्याच खेपेत, त्याच यंत्रावर पुन्हा चढवा.